'चे' कुठं गेला?

गणिताच्या बाकावरून : वाचकांचे प्रश्न आणि एका निवृत्त बाईंची उत्तरं

चतुर्थी तोंडावर आली की मला पत्रं वाढतात. चाचणीचे पेपर मुलांच्या हातात पडलेले असतात आणि माटोळीची, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताची, तयारी करता करता ते आयांना दप्तराच्या तळाशी सापडतात. या खेपेला पाचवी ते आठवीच्या गणितावरच बरेच प्रश्न आले. तेवढेच घेतले आहेत, बाकीचे पुढच्या अंकात. नेहमीप्रमाणे नावं छापत नाही, फक्त गाव.

माझी मुलगी सहावीत आहे. चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत होती, गणितात पहिली-दुसरी यायची. पाचवीपासून इंग्रजी माध्यम. आता चाचणीत तिनं १/२ + १/३ = २/५ असं लिहिलंय. मी रागावले तर म्हणते, "वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, त्यात चुकलं कुठं?" लसावि काढायचा हे मला ठाऊक आहे, पण का काढायचा ते मला सांगता येईना. — एक आई, पेडणे

ताई, आधी रागावणं थांबवा. २/५ हे उत्तर मी ३१ वर्षांत इतक्या वह्यांत पाहिलंय की गणती ठेवली असती तर तीच एक वही झाली असती. बहुतेक मुलं लाल फुली बघून पान उलटतात. तुमची मुलगी चुकलं कुठं ते विचारते आहे.

लसावि आजच्या दिवस कपाटात ठेवा. डझनभर साळदाटी केळी आणा. (मोयऱ्याची नकोत, चतुर्थीला त्यांचे भाव विचारायची सोय नसते.) मुलीला म्हणावं, यातली अर्धी काढ. सहा काढेल. आता डझनाचा तिसरा हिस्सा काढ. चार काढेल. मिळून किती? दहा. बारातली दहा, म्हणजे १०/१२, म्हणजे ५/६. आता तिचं उत्तर तपासायला लावा. बारा केळ्यांचे २/५ किती? पाचसुद्धा भरत नाहीत, ४.८ येतात. हातात सहा केळी होती, त्यांत चार घातली आणि झाली पाचाहून कमी? मधली माकडांनी नेली की काय?

हसली की मग विचारा, आपण डझनच का घेतलं? कारण बाराचे दोन सारखे भागही होतात आणि तीनही. सहा केळी घेतली असती तरी चाललं असतं. तो सहा म्हणजेच तिच्या पुस्तकातला लसावि. छेद ही तुकड्याची जात आहे आणि अंश ही मोजणी. दोन बांगडे आणि तीन तारले मिळून पाच काय? पाच बांगडेही नव्हेत, पाच तारलेही नव्हेत. दोघांना बसेल असं एक नाव शोधावं लागतं, 'पाच मासे' म्हणावं लागतं, तेव्हा कुठं बेरीज पुरी होते. अपूर्णांकात लसावि हेच करतो.

इथवर कुठलीही शिक्षिका सांगेल. आता माझी फजिती सांगते. नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी सहावीतल्या एका मुलाला मी याच उत्तरावर फुली दिली. पोरगा फुटबॉलवेडा. उभा राहून म्हणाला, "बाई, शनिवारी मी दोन पेनल्टी मारल्या, एक गेली. रविवारी तीन मारल्या, एक गेली. म्हणजे पाचातल्या दोन. दोनात एक अधिक तीनात एक, पाचात दोनच की!" वर्ग माझ्याकडे बघतोय आणि मी फळ्याकडे. मला उत्तर सुचलं नाही. "पुस्तकातली रीत वापर" म्हणून त्याला खाली बसवला. घरी जाईपर्यंत, म्हणजे बस डिचोलीच्या स्टँडवर लागेपर्यंत, माझ्या डोक्यात तेच.

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याचा अर्धा *दोन* पेनल्ट्यांचा होता आणि त्याचा तिसरा हिस्सा *तीन* पेनल्ट्यांचा. केळ्यांचा अर्धा आणि तिसरा हिस्सा मात्र एकाच डझनाचा. आपण १/२ + १/३ लिहितो तेव्हा दोन्ही एकाच वस्तूचे आहेत असं न बोलता धरून चालतो. मुलाला ते कुणी सांगितलेलंच नसतं. अर्धा *कशाचा*? हा प्रश्न मी त्या दिवसापासून फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवू लागले.

आणि माध्यमाचं म्हणाल तर मुलगी गणित विसरलेली नाही. तिला सहज विचारा, अर्धा तास आणि पाव तास मिळून किती? पाऊण तास, असं ती तोंडातला घास न गिळता सांगेल. तीच मुलगी १/२ + १/४ कागदावर बघून २/६ लिहील. शेजारच्या मुलावर मी हा प्रयोग केलाय, अगदी असंच झालं. तोंडच्या मराठीत तासाचा अर्धा, शेराचा पाव असा 'चा' पाठीला चिकटून येतो. न्यूमरेटर-डिनॉमिनेटर पाठ करताना तो गळून पडतो. दोष इंग्रजीचा नव्हे, तिथंही 'ऑफ' आहेच. पण पाचवीच्या एका वर्षात नवे शब्द आणि नवे नियम एकदमच अंगावर येतात, आणि मूल शब्द धरतं. पंधरा दिवस तिला अपूर्णांकाचं प्रत्येक उदाहरण आधी मराठीत मोठ्यानं वाचू द्या, मग इंग्रजीत सोडवू द्या.

मराठीत कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी), इंग्रजीत बॉडमास. ४८ ÷ २ × ३ याचं माझं उत्तर ८ आलं, दादाचं ७२. दादा कॉलेजात आहे म्हणून तो बरोबर का? — आठवीतली विद्यार्थिनी, साखळी

दादा बरोबर आहे, पण कॉलेजात आहे म्हणून नव्हे. भागाकार आणि गुणाकार एकाच पायरीवर उभे असतात. डावीकडून जो आधी भेटेल तो आधी. ४८ ÷ २ = २४, त्याची तिप्पट ७२. बेरीज-वजाबाकीचंही तसंच, आणि तिथं तर ही युक्तीची अक्षरं फसवतात. १० − ४ + ३ मध्ये 'बे' आधी म्हणून ४ + ३ केलंस तर उत्तर ३ येईल. खरं उत्तर ९.

आणि त्यातला 'चे' कसला, असं तुझ्या दादाला विचार. बघू सांगतो का. १२ ÷ १/२ चे ६ हे उदाहरण घे. आधी सहाचे अर्धे, तीन. मग १२ ÷ ३ = ४. 'चे'च्या जागी साधी गुणाकाराची फुली टाकलीस तर १२ ÷ १/२ = २४, आणि त्याची सहापट १४४. कुठं ४ आणि कुठं १४४! 'सहाचे अर्धे' ही एक गाठ आहे, ती सोडवायची नाही. म्हणून कंसाच्या पाठोपाठ त्याला मान. बॉडमासमधल्या 'ओ'ला कुणी ऑफ म्हणतं, कुणी ऑर्डर म्हणजे घात. तुझ्या वर्गात काय शिकवतात ते विचारून घे, परीक्षा तिथंच द्यायची आहे.

माझं वय ७९. पोर्तुगीज आमदानीत शिकलो. साडेतीन लिहिताना ३,५ असा स्वल्पविराम देतो, त्यावरून सातवीतला नातू हसतो. तोच नातू मला सांगतो की ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठे, कारण ३५ चारापेक्षा मोठे. मला ते पटत नाही. आमच्यात कोण बरोबर? — एक आजोबा, वाळपई

आजोबा, नमस्कार. दोन्ही बाबतींत तुम्हीच.

पोर्तुगालात आणि युरोपातल्या पुष्कळ देशांत दशांश दाखवायला आजही स्वल्पविरामच देतात. नातवाला म्हणावं, हसायचं असेल तर अर्ध्या युरोपाला हस. तेवढं बँकेच्या स्लिपवर मात्र टिंब द्या. आपल्याकडे स्वल्पविराम हजारामागे बसतो, आणि ३,५ च्या पुढं कुणी दोन शून्यं ओढली तर साडेतीनाचे साडेतीन हजार होतील.

आता ०.३५ आणि ०.४. तुमच्या लहानपणी रुपयाचे १६ टांगे होते. मग १९५९ साली एस्कुद आले, रुपयाला ६, आणि एका एस्कुदाचे १०० सेंताव. तुम्ही तेव्हा बारा-तेरा वर्षांचे असाल, दुकानात गोंधळ झालेला आठवत असेल. ०,४ एस्कुद म्हणजे किती सेंताव? चाळीस. आणि ०,३५ म्हणजे पस्तीस. झालं. तुम्हाला नातवाचं म्हणणं पटलं नाही ते यामुळंच. तुम्ही दशांश पैशांत पाहिलेत, त्यानं नुसते आकडे पाहिलेत.

त्याला पैशांनी समजावू नका. या मुलांनी पैसा हे नाणं हातात धरलेलं नाही, रुपयासुद्धा फोनवर जातो. शिंप्याची टेप द्या. ०.४ मीटर दाखव म्हणावं, ४० सेंटिमीटरवर बोट ठेवेल. ०.३५ मीटर दाखव म्हणावं. बोट मागं सरकेल आणि चेहरा पडेल. टिंबाच्या लगेच पुढचा आकडा दहाव्या भागांचा, त्यापुढचा शंभराव्या भागांचा. चार दहावे भाग हे तीन दहाव्या भागांपेक्षा जास्त, मागून कितीही आकड्यांची वरात येवो. ०.३९९९ सुद्धा ०.४ हून कमीच.

आणि तुमच्याकडून एक हवं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तुम्हाला येत असणार. संध्याकाळी दिवा लागल्यावर त्याच्याकडून निदान दिडकी म्हणून घ्या. सात दीड साडेदहा ज्याला तोंडी येतं त्याला ७ × १.५ ला पेन्सिल लागत नाही, आणि टिंब कुठं द्यायचं याची भीतीही राहत नाही.

ऋण गुणिले ऋण धन का? मी विचारलं तर "पाठ कर" म्हणतात. — सातवीतला विद्यार्थी, फोंडा

पाठ कर, पण त्याआधी माझ्याबरोबर दिवाडीला चल.

माझं माहेर तिथलं. घरापुढं खाजन, म्हणजे नदीकाठची बांध घातलेली सखल शेतजमीन, आणि खाजनाच्या बांधात मानस. तू पाहिली नसशील तर सांगते. बांधाला ठेवलेल्या दगडी वाटेवर लाकडी दारं असतात. भरतीचं पाणी आत ढकलू लागलं की ती आपोआप मिटतात, ओहोटी लागली की उघडतात, म्हणजे खारं पाणी शेतात शिरत नाही. माझे काका मानशीवर असायचे. नदीच्या बाजूच्या खांबावर त्यांनी चुन्यानं एक आडवी रेघ मारली होती, आणि तिच्या वर नि खाली वितीवितीच्या खुणा. ती रेघ आपलं शून्य धर. वरच्या विती धन, खालच्या ऋण. पुढचे तास धन, मागचे ऋण. पाणी चढत असेल तर वेग धन, उतरत असेल तर ऋण.

आत्ता पाणी बरोबर रेघेवर आहे.

भरती आहे, तासाला २ विती चढतंय. तीन तासांनी कुठं असेल? सहा विती वर. (+२) × (+३) = +६.

ओहोटी आहे, तासाला २ विती उतरतंय. तीन तासांनी? सहा विती खाली. (−२) × (+३) = −६.

भरतीच आहे, पण तीन तासांपूर्वी कुठं होतं? खाली होतं म्हणून तर चढत आलं. (+२) × (−३) = −६.

आता शेवटचं. ओहोटी आहे, पाणी उतरतंय, आणि मी विचारते, तीन तासांपूर्वी कुठं होतं? काकांना विचारलं असतं तर ते माझ्याकडं वेड्यासारखं बघून म्हणाले असते, वर होतं, आणखी कुठं? सहा विती वर. (−२) × (−३) = +६.

(खरं पाणी असं एका चालीनं उतरत नाही. सुरुवातीला सावकाश, मधे भराभर, शेवटी पुन्हा रेंगाळतं. काका हे वाचते तर मला इथंच धरतात, म्हणून लिहून टाकलं.)

ब्रह्मगुप्तानं सन ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात हे नियम मांडले आहेत. धन म्हणजे गाठीचा पैसा, ऋण म्हणजे कर्ज. हे शब्द आपण आजही तसेच वापरतो आणि तरी मुलं मायनसला घाबरतात, याचं मला नवल वाटतं.

आता कान दे. या नियमाचा खरा उपद्रव पुढं आठवीत होतो. 'मायनस मायनस प्लस' एवढंच लक्षात राहतं आणि मुलं −३ − २ = +५ लिहितात. एका दुकानात तीन रुपये उधार, दुसऱ्यात दोन. तू श्रीमंत झालास का? पाच रुपये देणं आहेस, −५. नियम गुणाकाराचा आहे. पाठ करताना त्यातला 'गुणिले' गाळायचा नाही.

माझं माहेर सावंतवाडीकडचं, सासर डिचोलीला. वडिलांनी माझ्या नावावर ५ गुंठे जमीन केली. सासूबाई विचारतात, चौरस मीटर किती? १ गुंठा १०८९ चौरस फूट, म्हणून ५४४५ चौरस फूट. १ मीटर ३.२८ फूट, म्हणून भागलं तर १६६० चौरस मीटर आले. सासूबाई भलत्याच खूश आहेत, पण मला शंका येते. शाळेतलं क्षेत्रफळ आठवत नाही. — एक सून, डिचोली

तुमची शंका खरी आहे आणि सासूबाईंना सांगायची पाळी तुमच्यावरच येणार, माफ करा. उत्तर ५०६ चौरस मीटर.

१ मीटरचे ३.२८ फूट होतात हे लांबीचं माप. तुम्हाला भागायचंय चौरसांना. खडू घ्या आणि अंगणात मीटरभर लांब, मीटरभर रुंद असा चौकोन काढा. आता त्यात फूट बाय फूटचे चौकोन बसवत चला. एका ओळीत तीन पूर्ण आणि वर पावाहून जरासा जास्त तुकडा, म्हणजे ३.२८. पण अशा ओळी किती? त्याही ३.२८. म्हणून एका चौरस मीटरात ३.२८ × ३.२८, साधारण १०.७६ चौरस फूट. ५४४५ ला १०.७६ नं भागा, ५०६ येतात.

पडताळा हवा तर गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. ३३ फूट म्हणजे जेमतेम १० मीटर. दहा दाहे शंभर. एक गुंठा शंभराला किंचित वर, पाच गुंठे पाचशेला किंचित वर. एवढं लक्षात ठेवा, बांद्याच्या सीमेच्या अलीकडं-पलीकडं तेवढंच लागतं, कारण तिकडं बोलणी गुंठ्यात आणि आपल्याकडं चौरस मीटरात. आकडा काढण्याआधी असा ठोकताळा बांधायची सवय मी आठवीच्या मुलांना लावायला बघायचे. निम्म्यांना लागायची.

उद्या टाकीचं पाणी मोजायची वेळ आली तर हेच तीनदा होईल. एका घनमीटरात ३.२८ घनफूट नसतात, ३५ हून थोडे जास्त असतात.

मडगावात कपड्यांच्या दुकानात कामाला आहे. चतुर्थीची ऑफर आहे : २० टक्के सूट, कार्डावर आणखी १० टक्के. गिऱ्हाईक म्हणतं ३० टक्के झाले. यंत्रावर कमी दिसते म्हणून भांडतात. मालक म्हणतो, समजावता येत नसेल तर काउंटरवर बसू नको. दहावी पास आहे, पण हे मला कधी नीट कळलंच नाही. — मडगाव

मालकाला समजावता येतं का ते आधी बघ. तू लिहून विचारलंस, तो तेवढंही करणार नाही.

हजाराची साडी घे. २० टक्के गेले, राहिले ८००. आता पुढचे १० टक्के *कशाचे*? हजाराचे नव्हेत, हजार आता उरलेच नाहीत. आठशेचे. ते ८०, राहिले ७२०. सूट झाली २८०, म्हणजे २८ टक्के. हुशार गिऱ्हाईक म्हणेल, मग आधी कार्डाचे दहा काप आणि मागून वीस. काप. हजाराचे ९००, नऊशेचे २० टक्के १८०, राहिले ७२०च. क्रम बदलून पैसा हलत नाही. हे त्याच्यासमोर बिलाच्या मागं दोनदा करून दाखव, भांडण तिथंच विरतं.

टक्के म्हणजे शेकड्याचे. 'शेकडा' हा जुना शब्द बरा होता, शेकडा कशाचा ते विचारल्याशिवाय पुढं जाता येत नसे. एक जाता जाता : १८ टक्के करासह ११८० ची वस्तू असेल तर कर किती? बरेच जण ११८० चे १८ टक्के काढतात, २१२.४०. चूक. कर मूळ किमतीवर लागला होता, ११८० वर नव्हे. ११८० भागिले १.१८, मूळ हजार, कर १८०. आणि भाव २५ टक्के चढवून मग '२५ टक्के सूट' असा बोर्ड कुणी लावला तर दुकानदाराचं नुकसानच आहे, हजाराची वस्तू ९३७.५० ला जाते. तो २० टक्क्यांचा बोर्ड लावतो तेव्हा गिऱ्हाईक हजारच देऊन आनंदात घरी जातं. तुझ्या दुकानात असं होतं असं मी म्हणत नाही.

गेल्या अंकात तुम्ही लिहिलं होतं : जाताना वेग ताशी ४०, येताना ताशी ६०, म्हणून सरासरी ताशी ५०. मी २२ वर्षं बस चालवतो. करमल घाट चढताना नि उतरताना सारखा वेळ लागत नाही. ५० येणार नाही, तुम्हीच हिशेब करून बघा. — एक ड्रायव्हर, काणकोण

केला. वाट १२० किलोमीटरची धरली. जाताना ४० नं तीन तास, येताना ६० नं दोन तास. एकूण २४० किलोमीटर, एकूण पाच तास. सरासरी ताशी ४८.

मी दोन आकडे मिळवले आणि दोनानं भागले. सरासरी कशाची काढायची ते पाहिलंच नाही. ४० च्या वेगानं गाडी तीन तास चालली आणि ६० नं दोनच, मग दोघांना सारखं वजन कसं द्यायचं? तीन-तीन तास चालली असती तर माझे ५० खरे ठरते. पेनल्टीवाल्या मुलाला मी खाली बसवलं होतं, तुम्हाला तसं बसवता येत नाही, स्टीअरिंग तुमच्या हातात आहे.

५० छापून गेलेत. ज्यांनी कात्रण वहीत चिकटवलंय त्यांनी त्यावर काट मारून ४८ लिहावं. लाल पेनानं.